मास्तरांचं खत

आमच्या ह्यांना एखादी गोष्ट टाकून द्या म्हटलं की हे ती आधी जपून आत ठेवतात. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी शिलाई मशीनखालचा केर काढला आणि चिंध्यांनी भरलेली सुपली फाटकाबाहेर उलटी केली. हे हातातला कोट ठेवून उठले, बाहेर गेले, एकेक चिंधी वेचली, झटकली आणि परत आणून डब्यात भरली. तोंडातून चकार शब्द नाही. बोलले असते तर मीही चार शब्द सुनावले असते, पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या चिंध्यांची पुढे उशी झाली, पायपुसणी झाली, भांडी धरायची फडकी झाली. आमच्या घरात नवं कापड क्वचित यायचं, पण वाया कधीच गेलं नाही.

गल्लीत ह्यांचं खरं नाव कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. टेलरमास्तर, किंवा नुसतं मास्तर. चौकाजवळ दुकान होतं. आत कापायचं मोठं टेबल, दोन मशीन आणि एक आरसा, ज्यात जाडा माणूसही जरा बारीक दिसायचा. ह्यांचा हात कोटावर बसलेला. एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही आखूड कापली गेली. मी म्हटलं, पट्टी जोडा, उलटी दुमड घाला, त्याला काय कळतंय? हे म्हणाले, "माप मी चुकलो आणि कापड त्याचं गेलं." तेवढंच बोलले, आणि स्वतः दुसरं कापड आणून नवा कोट शिवून दिला. असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे डोक्याला ताप असतो, हे मी आधीच सांगून ठेवते.

मग ह्यांचे हात थरथरायला लागले. आधी सुईत दोरा जाईना. मी ओवून द्यायला लागले. मग काजं वाकडी यायला लागली. एक दिवस एका पँटची शिलाई हे उसवत होते, घालत होते, पुन्हा उसवत होते, आणि शेवटी पँट घडी करून बाजूला ठेवली आणि दुकानाचं शटर ओढलं. कुणाला काही सांगितलं नाही. घरी येऊन खिडकीशी बसले ते बसलेच. सकाळी उठायचे, दाढी करायचे, गळ्यात टेप अडकवायचे आणि खिडकीशी बसायचे. मला बघवेना. एकदा तोंडातून निघून गेलं, "तो टेप काढा आता, घरात कुणाचं माप घ्यायचंय?" त्यांनी मुकाट्याने टेप काढून खिळ्याला लावला. त्या दिवसापासून मी त्या खिळ्याकडे बघायचं टाळायला लागले.

खताचं खूळ आलं ते त्यानंतर. घरामागे आमचा छोटासा बागेचा तुकडा आहे. तिथे कोपऱ्यात ह्यांनी चार फळ्या ठोकल्या आणि चहाचा चोथा, भाजीची देठं, वाळलेली पानं टाकायला सुरुवात केली. मग आमच्या घरातलं पुरेना, म्हणून शेजारपाजारून बादल्या भरून आणायला लागले. जाडं कापड कापायची मोठी कात्री बाहेर निघाली. तिला हाताचं थरथरणं चालायचं. हे स्टुलावर बसून प्रत्येक फांदी, प्रत्येक साल बोटभर लांबीची कापायचे. "बारीक केलं की लवकर कुजतं," म्हणायचे. आणि खरंच, खत असं निघालं की काय सांगू. काळंभोर, भुसभुशीत, हातात घेतलं तर मातीचाच वास. जुन्या पडद्याच्या जाळीतून चाळायचे. मग मी चिंध्या जोडून पिशव्या शिवायच्या, त्यांनी माझ्या वाकड्या शिलाईला नाकं मुरडायची, आणि पिशव्या घेऊन घरोघर वाटायला निघायचं.

लोक पुन्हा हाका मारायला लागले. "मास्तर, गुलाबाला टाकायला आहे का थोडं?" "मास्तर, तुमच्या खताने मिरचीला काय बहर आलाय." ह्यांची पाठ पुन्हा सरळ झाली. भिंतीपलीकडचे बेकरीवाले भाऊजी तर रोज सकाळी ताजा पाव भिंतीवर ठेवायचे आणि दोघं चहाचे कप घेऊन मातीवर चर्चा करत उभे राहायचे, जशी काही मंत्रिमंडळाची बैठक. मी म्हणायचे, जन्मभर सूट-बूट शिवले आणि मान मिळाला तो शेवटी कुजक्या पाल्यामुळे.

कोपऱ्यावरच्या घराच्या तळमजल्यावर रोपवाली राहायला आली ती याच सुमारास. तरुण पोर, बरोबर म्हातारे वडील. वडिलांना जिना चढवत नाही, म्हणून तळमजला हवा, आणि रोपं ठेवायला अंगण हवं. अशी जागा तिला फार हिंडून मिळाली होती. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई. रोपवाली अंगणात कुंड्या मांडून विकायची. नव्या माणसाकडे गल्ली जशी बघते तशीच तिच्याकडेही बघायची, म्हणजे पडद्याआडून. तिच्या दारात पहिल्यांदा गेले ते आमचे हे, खताची पिशवी घेऊन.

आता त्या वेलीबद्दल सांगते, ती रोपवाली यायच्या थोडी आधीची गोष्ट. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक बंद पडलेलं गोदाम आहे. त्याच्या छपरावरून एक वेल आमच्याकडे उतरली. पानं जाडसर, चकचकीत, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. पांढऱ्या फुलांचे लोंबते तुरे आणि वासही गोड. दांड्यावर जागोजागी आल्याच्या तुकड्यांसारख्या गाठी. म्हणून आम्ही तिला गाठीवेल म्हणायचो. दिसायला छान, पण तिने माझी कपडे वाळत घालायची दोरी गिळली. मी ह्यांच्यामागे भुणभुण लावली. ह्यांनी वेल ओढून काढली, भलामोठा ढीग झाला, आणि एवढा हिरवा पाला टाकून द्यायचा कसा? कात्री घेऊन बसले. सगळी वेल गाठींसकट बोटभर लांबीची कापली आणि खतात टाकली. मीच चहा आणून दिला.

पुढच्या मोसमात गल्लीत घरोघर ती बदामी पानं उगवली. आधी सगळे खूश. आपोआप आलेली वेल, तीही फुलांची, मग काय हवं? कुणी तिला काठी दिली, कुणी गॅलरीच्या कठड्यावर चढवली. मग ती आवरेना. गुलाब झाकले गेले, जाई गुदमरली. लोकांनी उपटली तर गाठी खाली सांडल्या आणि जिथे एक होती तिथे दहा आल्या. शेवटी एक दिवस बेकरीवाल्या भाऊजींच्या लिंबाची मोठी फांदी वेलीच्या ओझ्याने कडाडून मोडली. भाऊजींनी तडक पालिकेच्या बागखात्यात तक्रार केली आणि तिथून एक बाई बघायला आल्या.

सगळी गल्ली भाऊजींच्या अंगणात जमली. बाईंनी एक गाठ तोडून तळहातावर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. म्हणाल्या, "हिला ओळखायचं ते या गाठींवरून. ही इथली नाही, बाहेरून आलेली आहे, आणि इथे तिला खाणारं-मारणारं काही नाही, म्हणून सगळ्यांच्या उरावर बसते. ओढू नका. आधी खाली चादर अंथरा, मग वेल हळूहळू उतरवा. पडलेली प्रत्येक गाठ वेचा. जमिनीतला कंद खणून काढा. सगळं काळ्या पिशवीत बांधून रणरणत्या उन्हात ठेवा, आतला पार चिखल होईपर्यंत. आणि नंतरही काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, एखादी गाठ राहतेच." मग ती गाठ पिशवीत बंद करत म्हणाल्या, "खतात तर मुळीच टाकू नका. घरच्या ढिगात एवढी उष्णता होत नाही. उलट तुकडे केले की प्रत्येक तुकड्याची नवी वेल होते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता.

बाईंनी विचारलं, "गल्लीत कुणी रोपं, माती, खत असं काही वाटलं होतं का?"

ह्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "दुसरं कोण? ती कोपऱ्यावरची रोपवाली." झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांना एकदम आठवलं की ती आली आणि वेलही आली. रोपवाली तिथेच उभी होती. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि काही न बोलता घरी गेली.

त्या दिवसापासून तिच्या अंगणात गिऱ्हाईक फिरकेना. घेतलेल्या कुंड्या लोक परत तिच्या फाटकाशी आणून ठेवायला लागले, जशी काही मेलेली मांजरं. घरमालकीणबाईंनी तिला सांगून टाकलं, महिनाअखेर जागा खाली कर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला काय वाईट वाटत नव्हतं? पण मला माझा माणूस दिसत होता, गळ्यात टेप अडकवून खिडकीशी बसलेला. तो पुन्हा तिथे बसला असता तर उठला नसता.

जागा खाली करायचं कळलं त्या दिवशी हे दिवसभर बागेत ढिगाजवळ बसून राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "मी सांगणार आहे सगळ्यांना."

मी म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण करायची काही गरज आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"तिच्या वडिलांना जिना चढवत नाही."

"मिळेल तिला दुसरी जागा."

"ही मिळायला किती हिंडली होती ते तिने तुलाच सांगितलं होतं."

"आणि उद्यापासून हे सगळे तुमच्याकडे बघून तोंडं फिरवतील, ते चालेल?"

ह्यांनी ढिगाची एक सैल फळी दाबून बसवली. मग म्हणाले, "नाही चालणार. मला ते फार लागेल. पण माप मी चुकलो आणि कापड तिचं जातंय."

मी ताटं झाकून ठेवली.  पदर खोचला आणि म्हटलं, चला, एकटे जाऊ नका, मीही येते. 

आधी घरमालकीणबाईंकडे गेलो. जिना चढून हे धापा टाकत उभे राहिले आणि बसायच्याही आधी सांगून टाकलं. गोदामाची वेल, कात्री, खत, पिशव्या, सगळं. बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांचे डोळे पाण्याने भरले. मला वाटलं, चला, समजलं.

त्या मला म्हणाल्या, "बघा हो, केवढं मोठं मन. त्या पोरीची जागा जाऊ नये म्हणून माणूस स्वतःवर घेतोय." आणि ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही यात पडू नका. तुम्ही साधे आहात. असली माणसं तुमच्या साधेपणाचा फायदा घेतात."

हे म्हणाले, "अहो, खरंच मीच केलंय."

"हो हो," बाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा."

तिथून भाऊजींकडे. भाऊजींनी सगळं ऐकलं आणि हसायलाच लागले. "वहिनी, ह्यांना सांभाळा. रस्त्यात कुणी ह्यांच्या पायावर पाय दिला तरी हेच माफी मागतील. अरे मास्तर, तुझ्या खताने माझं लिंबू वाढलं, ते खत लिंबाला मारेल का?" आणि जाताना हातात पाव कोंबला. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत. जितकं सांगावं तितके हे मोठे होत चालले आणि ती पोर तितकीच वाईट. मी आयुष्यात ह्यांना चिडलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. घराच्या वाटेवर तो पाव त्यांच्या मुठीत पार चुरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक दूध-पेपर घ्यायला बाहेर पडतात त्या वेळी, ह्यांनी कापायच्या टेबलावरची मोठी पांढरी चादर काढली आणि गल्लीच्या मधोमध अंथरली. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. मग घमेली भरून भरून खत आणून तिच्यावर ओतायला लागले. मी दोन घमेली उचलली, तर म्हणाले, तू राहू दे. फळ्या काढून तळापासून सगळं आणलं. एवढी मेहनत, एवढी निगा, सगळं रस्त्यावर. लोक जमले. कुणी विचारलं, मास्तर, हे काय? हे चादरीजवळ गुडघ्यांवर बसले, खतात हात घातला आणि पसरवायला लागले.

गाठी निघायला लागल्या. कडेकडेला, तळाशी, कितीतरी. काही चाळणीच्या जाळीतून सहज जातील एवढ्या बारीक. काहींना गुलाबी कोंब, काहींना इवलंसं बदामी पान. हे एकेक गाठ उचलायचे आणि चादरीच्या कडेला ओळीत ठेवायचे. उचललेली गाठ ओळीत पोचेपर्यंत दोनदा हातातून पडायची.  मला रडू आवरेना. या माणसाची कीव येत होती की गल्लीचा राग, ते माझं मलाच कळत नव्हतं.

भाऊजी पुढे आले. एक गाठ उचलून तिला चिकटलेला दांड्याचा तुकडा उलटा-पालटा करून बघितला. तो दोन्ही टोकांना कात्रीने सरळ कापलेला होता, बोटभर लांबीचा. असं या गल्लीत कोण कापतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी तो परत ठेवला, हात पँटला पुसले आणि ह्यांच्याकडे न बघता घरात गेले. दार लागल्याचा आवाज आला. ह्यांनी तो ऐकला आणि पुढची गाठ उचलली.

घरमालकीणबाई गॅलरीतून बघत होत्या. खाली आल्या, इकडे-तिकडे बघितलं आणि कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग तिला राहू दे. मी काय, लोक म्हणाले म्हणून म्हटलं होतं." आणि वर निघून गेल्या. बाकीचेही एकेक करून पांगले. कुणाला दुधाची घाई, कुणाला कामाची. काल पाठ थोपटणाऱ्यांपैकी एकही जण खाली वाकला नाही.

चादरीपाशी आम्ही दोघंच राहिलो. मग रोपवाली आली. हातात रबरी हातमोजे आणि काळ्या पिशव्यांची गुंडाळी. तिने मोज्यांचा एक जोड माझ्याकडे दिला, एक स्वतः घातला आणि ह्यांच्या समोर बसून वेचायला लागली. तिचा हात भराभर चालत होता. मातीच्या ढेकळातूनही ती गाठ बरोबर ओळखून काढत होती. ह्यांनी मान वर केली नाही.

"पोरी," हे म्हणाले, "माझ्यामुळे तुला फार सोसावं लागलं. मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. वेचत राहिली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुला बघितल्याबरोबर ओळखता येतात गं या गाठी. मग आमच्या खताचा संशय कधीच आला नाही तुला?"

"संशय कसला, काकू. तुम्ही दिलेल्या पहिल्याच पिशवीत सापडल्या होत्या. नवी होते, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, तेव्हाच बांधून उन्हात टाकली ती पिशवी."

हे थांबले. मी तिच्याकडे बघतच राहिले. "मग त्या दिवशी सगळे तुझ्या नावाने बोटं मोडत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने हातातली गाठ काळ्या पिशवीत टाकली.

"काकू, काल मास्तर स्वतः घरोघर जाऊन सांगत होते, तरी कुणी ऐकलं का? तेच मी सांगितलं असतं तर?"

 मी रबरी मोजे घातले, खाली बसले आणि तिच्यासाठी पिशवीचं तोंड उघडून धरलं.